ट्विक: गोदीच्या फाटकावरचं कार्ड

[दृश्य: ह्यूस्टन बंदर. धक्क्याला लागलेला टँकर.]

दोर बांधून झाले, शिडी लागली. या टँकरवर रत्नागिरीकडचा एखादा खलाशी असेल, तर नवल नाही. व्हिसा आहे, शोअर पास म्हणजे किनाऱ्यावर उतरायचा परवाना मिळालाय, ड्युटी संपलीये. गोदीचं फाटक समोर दिसतंय. पण तिथवर त्याला एकट्यानं चालत जायची परवानगी नाही, कारण त्याच्याकडे ‘ट्विक’ नाही.

[दृश्य: कार्डाचा क्लोज-अप.]

ट्विक म्हणजे अमेरिकेतल्या बंदर-कामगारांचं ओळखपत्र. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर 2002 मध्ये सागरी सुरक्षेचा कायदा झाला, 2007 मध्ये डेलावेअरच्या विल्मिंग्टनपासून नोंदणी सुरू झाली आणि एप्रिल 2009 पासून देशभर सक्ती. क्रेनवाला, ट्रकवाला, वेल्डर, अमेरिकी खलाशी, सगळ्यांना. बोटांचे ठसे घेतात, गुन्ह्यांची नोंद तपासतात, दहशतवाद्यांच्या याद्या चाळतात. हेरगिरी किंवा देशद्रोहाची शिक्षा झालेल्याला कार्ड कधीच नाही. इतर बऱ्याच गुन्ह्यांत मात्र सवलतीचा अर्ज करता येतो, आणि ते योग्यच आहे. शिक्षा भोगून आलेल्यानं पोट कुठं भरायचं?

गंमत अशी, की कार्डात चिप असूनही फाटकावर बहुतेकदा नुसता फोटो बघून आत सोडायचे. 2011 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांची माणसं बनावट कार्डं दाखवून बंदरांत शिरली!

[दृश्य: टर्मिनलमधून जाणारी व्हॅन.]

परदेशी खलाशाला सहसा हे कार्ड मिळत नाही. त्याला हवा ट्विकधारी सोबती. काही टर्मिनलवाले या सोबतीचे शेकडो डॉलर मागायचे, काही सोडायचेच नाहीत. अशा वेळी खलाशांच्या सेवाकेंद्रातले पाद्री आणि स्वयंसेवक स्वतःचं ट्विक काढून व्हॅन घेऊन यायचे. आजही येतात. खलाशाकडून पैसे घेऊ नयेत, असं कायद्यानं 2010 मध्येच सांगितलं होतं. त्याची नियमावली यायला 2019 उजाडलं.

[दृश्य: सीडीसी आणि बायोमेट्रिक ओळखपत्र.]

आपल्या खलाशाकडे सीडीसी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीची अधिकृत नोंदवही, असतेच. आता चेहऱ्याची नोंद असलेलं बायोमेट्रिक ओळखपत्रही मिळतं. त्यामागे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 185 क्रमांकाचा करार आहे. किनाऱ्यावर उतरायला खलाशाला व्हिसा लागू नये, हा त्यातला मुद्दा. भारतानं तो 2015 मध्ये स्वीकारला, अमेरिकेनं नाही. म्हणून ह्यूस्टनला व्हिसा लागतोच, आणि व्हिसा असला तरी फाटकापर्यंत सोबती लागतो. तो फुकट आणि वेळेवर द्यायची जबाबदारी आता टर्मिनलची आहे. ती पाळली जाते का, हे कोस्ट गार्ड बघतं.