चिमणीचा धूर, साखरेचं पाणी आणि स्टुअर्ट टर्नर

(सोलापुरात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

समुद्रावर बोलायला सोलापूर ही जागा कुणाला विचित्र वाटेल. कोकणचा किनारा इथून अडीचशे किलोमीटरहून लांब, मध्ये सह्याद्री आडवा, आणि इथे फेब्रुवारी संपायच्या आत पंखा पाचवर न्यावा लागतो. पण आज ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांनी समुद्राचं पुष्कळसं काम खोलीत, टेबलावर ठेवलेल्या पारदर्शक टाकीत केलं. द्रव आणि वायू कसे वाहतात याचा अभ्यास करणारे जॉन स्टुअर्ट टर्नर. १९३० साली सिडनीत जन्मले, २०२२ साली गेले. ढग, समुद्र, हिमनग आणि जमिनीखालचा शिलारस अशा चार वेगळ्या खात्यांत त्यांनी काम केलं, असं त्यांची कारकीर्द वाचताना वाटतं. माझं म्हणणं उलट आहे. आयुष्यभर त्यांनी एकदोन प्रश्नच धरून ठेवले आणि जिथे ते लागू पडतील तिथे बिनदिक्कत घुसले.

सुरुवात चिमणीपासून करू. सोलापुरात ‘चिमणी’ म्हटलं की कुजबुज सुरू होते, ती आत्ताही झालीच. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. विमानसेवा, ऊस, राजकारण हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, मी त्यात पडत नाही. मला त्या चिमणीचा फक्त धूर हवा आहे.

गळीत हंगामात, वारा पडलेल्या सकाळी, कुठल्याही कारखान्याचा धूर नीट बघा. वर जाता जाता तो रुंद होत जातो. तो काही स्वतः फुगत नाही. त्याच्या कडेला भोवरे असतात आणि ते बाजूची गार हवा आत ओढत राहतात. धूर जितका वर जातो तितका त्यात मूळचा धूर कमी आणि वाटेत गोळा केलेली हवा जास्त. आता ही हवा किती ओढली जाते? भोवऱ्यांचा हिशेब कुणालाच धड मांडता येत नव्हता. तेव्हा केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी एक धाडसी गृहीतक केलं: कुठल्याही उंचीवर हवा आत शिरण्याचा वेग हा त्या उंचीवर धूर वर चढण्याच्या वेगाचा ठरावीक हिस्सा असतो. हा हिस्सा साधारण एक दशांश. बस, एवढंच. टेलर यांच्या डोक्यात याचं बीज पडलं ते १९४५ साली, अणुस्फोटानंतर तापलेल्या वायूचा गोळा कसा वर चढेल हे मांडताना. पुढे ब्रूस मॉर्टन आणि आपले तरुण टर्नर या दोघांना घेऊन त्यांनी १९५६ मध्ये त्याचा रीतसर सिद्धान्त प्रसिद्ध केला.

त्यातून काय निघतं बघा. धुराचा आकार सरळ कडांचा शंकू. मुळापासून शंभर मीटर वर त्याची त्रिज्या बारा मीटरच्या आसपास. आणि हा कोन उष्णतेवर अवलंबून नाही! भट्टी छोटी असो की मोठी, पसरण्याचा कोन तोच. फक्त वर चढण्याचा वेग बदलतो. दुसरा निष्कर्ष मला जास्त आवडतो. वातावरण स्थिर आणि थरांचं असेल तर धूर एका उंचीवर जाऊन थांबतो आणि आडवा पसरतो. ही उंची उष्णतेच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उंची दुप्पट हवी असेल तर उष्णता सोळापट लागेल. पुढे ज्वालामुखीची राख किती वर जाईल हे काढायला हेच सूत्र वापरलं गेलं.

आता ढग. टर्नर सिडनीला परतून सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत ढगांच्या गटात काम करू लागले. ढगांत फवारणी करून पाऊस पाडण्याचे प्रयोग त्या काळी ऑस्ट्रेलियात जोरात होते. त्यांचे सहकारी पॅट्रिक स्क्वायर्स यांच्यासोबत त्यांनी १९६२ मध्ये गडगडाटी ढगातल्या वर चढणाऱ्या झोताला तेच गृहीतक लावून पाहिलं.

हे सोलापूरला परकं नाही. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ‘कायपीक्स’ या ढगफवारणीच्या प्रयोगाचा टप्पा इथेच घेतला. केगावच्या बाजूला केंद्र होतं, रडार होतं, विमानं ढगांच्या तळाशी जाऊन क्षारांच्या नळकांड्या पेटवत होती. फवारणी केलेल्या ढगांच्या वाऱ्याखालच्या सुमारे शंभर चौरस किलोमीटर पट्ट्यात १८ टक्क्यांच्या आसपास जादा पाऊस, असा त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. पण फवारणीचा विषय निघाला की आपण फक्त क्षाराच्या कणांबद्दल बोलतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या ढगाला खरा त्रास देते ती भोवतालची कोरडी हवा. ढग वर चढताना ती आत ओढतो, आतले थेंब वाळतात आणि ढग विरतो. आपण खाली उभे राहून म्हणतो, ‘आलं होतं की भरून, गेलं.’

इथे एक गोष्ट लपवायची नाही. ढगांच्या बाबतीत हे साधं गृहीतक पुरं पडलं नाही. सीएसआयआरओमधल्याच जे. वॉर्नर यांनी १९७० मध्ये दाखवलं, की ढगाची उंची बरोबर येईल असा आकडा घातला तर आतल्या पाण्याचं प्रमाण चुकतं, आणि पाणी बरोबर आणलं तर उंची चुकते. धुरात आणि ढगात एक मूलभूत फरक आहे. धूर एकदाच तापतो, ढग मात्र चढताना बाष्पाचं पाणी होत असल्यामुळे वाटेतही तापत राहतो. बंगळुरूमध्ये रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच टाकीत केलं. पाण्याच्या झोतात वीज खेळवून त्याला मध्येच उष्णता दिली आणि बाहेरचं पाणी ओढलं जाण्याची पद्धतच बदललेली पाहिली. टर्नर यांनी ढगाला लावलेल्या गृहीतकाला धक्का बसला तो त्यांच्याच ढंगाच्या प्रयोगातून. मला यात दोघांचाही मान वाटतो.

साठच्या दशकात टर्नर अमेरिकेत वुड्स होलला, समुद्रविज्ञानाच्या संस्थेत गेले. त्या काळात त्यांनी समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांच्याबरोबर काम केलं. स्टॉमेल यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९५६ मध्ये एक गंमत मांडली होती: ज्या समुद्रात वरचं पाणी उष्ण आणि खारट, खालचं गार आणि कमी खारट, तिथे एक लांब नळी उभी सोडा, एकदा पाणी वर ओढा, मग ते आपोआप वाहतच राहील. कारण उष्णता नळीच्या भिंतीतून आरपार जाते, मीठ जात नाही. मेल्विन स्टर्न यांनी १९६० मध्ये ओळखलं की नळीची गरजच नाही. पाण्यात उष्णता मिठापेक्षा शंभरेक पट वेगानं पसरते. वरच्या उष्ण खारट पाण्याचा एखादा धागा चुकून खाली सरकला की तो बाजूला उष्णता चटकन गमावतो, मीठ मात्र त्याच्यापाशीच राहतं. मग तो भोवतालच्या पाण्याहून जड होतो आणि आणखी खाली जातो. समुद्रात काही सेंटिमीटर जाडीची अशी उभी बोटं तयार होतात.

टर्नर यांनी हे प्रयोगशाळेत मोजायला घेतलं. अडचण अशी, की टाकीच्या भिंतींतून उष्णता निसटते आणि मापं बिघडतात. तोड काढली ती साखरेनं! विरघळलेलं मीठ साखरेपेक्षा साधारण तिप्पट वेगानं पसरतं. तेव्हा उष्णतेची भूमिका मिठाला द्यायची आणि मिठाची साखरेला. आपल्या जिल्ह्यात साखरेला तोटा नाही, म्हणून हा प्रयोग तुम्ही करावा असं मला फार वाटतं. अरुंद काचेच्या टाकीत निम्म्यापर्यंत मिठाचं दाट पाणी भरा. साखरेचं पाणी त्याहून किंचित हलकं ठेवा, हायड्रोमीटरनं, म्हणजे घनता मोजायच्या नळीनं, तपासून घ्या, त्यात थोडा खाण्याचा रंग घाला. मिठाच्या पाण्यावर स्पंजचा पातळ तुकडा तरंगत ठेवून त्यावर हे रंगीत पाणी थेंबाथेंबानं सोडा. घाई केली तर दोन्ही मिसळतात आणि सगळं ओतून द्यावं लागतं. टाकीच्या एका बाजूला ट्रेसिंग पेपर, दुसऱ्या बाजूला लांब ठेवलेला दिवा. थोड्या वेळात सीमेवर मिलिमीटरभर जाडीचे धागे खाली-वर निघालेले दिसतील. वरचं पाणी हलकं, खालचं जड, म्हणजे पुस्तकाप्रमाणे सगळं स्थिर असायला हवं, तरी हालचाल चालूच.

गंमत म्हणजे असे धागे पहिल्यांदा टिपले गेले तेही सिडनीतच, १८५७ मध्ये. टांकसाळीत धातूंची पारख करणारे विल्यम जेव्हन्स यांनी. ते पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजले. साखरेच्या पाण्यातले ते धागे पाहून त्यांना वाटलं, आपल्याला पिसांसारख्या ढगांचं रहस्य सापडलं. मग शंभर वर्षं त्याकडे कुणी फारसं वळलं नाही.

याच्या उलट मांडणीही आहे: खाली उष्ण खारट, वर गार गोडं. टर्नर आणि स्टॉमेल यांनी १९६४ मध्ये मिठाचं प्रमाण खालून वर कमी होत जाणारं पाणी तळातून तापवलं. सगळं पाणी एकदम ढवळून निघालं नाही. एकावर एक थर तयार झाले, प्रत्येक थर आतून ढवळलेला आणि दोन थरांमध्ये स्पष्ट सीमा, जणू सोलापुरी चादरीवरचे पट्टे. पुढे आर्क्टिकच्या बर्फाखाली असेच थर मोजले गेले, आणि बोटांच्या प्रकारातले थर अटलांटिकमध्ये बार्बाडोसच्या पूर्वेला शेकडो किलोमीटर पसरलेले सापडले. टाकीत दिसलेली गोष्ट समुद्रात त्याच घाटाची निघाली, हे मला आजही थोडं अविश्वसनीय वाटतं.

हिमनगाची गोष्ट थोडक्यात. सत्तरच्या दशकात अंटार्क्टिकाचे हिमनग ओढत अरबस्तानात न्यायचे आणि गोडं पाणी मिळवायचं, अशी योजना एका सौदी राजपुत्राच्या पाठबळावर गंभीरपणे चर्चेत होती. वितळलेलं गोडं पाणी हलकं, ते वर येऊन साचेल, पंपानं उपसू, असा हिशेब. हर्बर्ट हप्पर्ट आणि टर्नर यांनी खाली जास्त खारट, वर कमी खारट अशा पाण्यात बर्फाची लादी ठेवली. वितळलेलं पाणी वर न येता बहुतांश त्याच खोलीवर आडव्या थरांनी बाजूला निघून गेलं. १९७८ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. हिमनग इकडे आलाच असता तरी उपसायला वर फारसं काही साचलं नसतं.

१९७५ पासून टर्नर कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत भूविज्ञानाच्या शाळेत प्राध्यापक होते. आजूबाजूला सगळे दगडवाले. त्यांच्या बोलण्यातून टर्नर यांना दिसलं, की जमिनीखालच्या शिलारसाच्या कोठीतही उष्णता आणि रासायनिक घटक वेगवेगळ्या गतीनं पसरतात. मग टाकीत तळाला सोऱ्याचं उष्ण द्रावण, वर दुसरं थंड, हलकं द्रावण. सोरा गार होऊन त्याचे स्फटिक खाली बसतात, उरलेलं द्रावण हलकं होत जातं, आणि एका क्षणी दोन्ही थरांची घनता सारखी होऊन सगळं उलथतं, मिसळतं. इयन कॅम्पबेल यांच्याबरोबर त्यांनी कोठीत कारंज्यासारखा घुसणारा नवा शिलारस अभ्यासला. तो जुना शिलारस किती ओढून घेतो? पुन्हा तोच १९५६ चा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या खडकांत प्लॅटिनम एका पातळ थरात का गोळा झालं, याचं एक स्पष्टीकरण त्यातून आलं. आतला रस फार घट्ट असेल तर मिसळणं जवळजवळ थांबतं, हेही त्यांनी दाखवलं.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच कोठ्यांतून वर आला. भूगर्भशास्त्राच्या सहलीला जाता तेव्हा लाव्हाचे थर मोजता. कोठीत काय चाललं असेल याचाही एकदा विचार करा.

आता मघाशी चिठ्ठीवर आलेला प्रश्न घेतो: ‘सर, यात नोकरी आहे का?’ आहे. पुण्याची आयआयटीएम, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारं केंद्र, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला वातावरण आणि महासागर विभाग, या सगळीकडे हेच काम चालतं. भौतिकशास्त्र, गणित किंवा इंजिनीअरिंग, कुठूनही जाता येतं. पण आंशिक विकलक समीकरणांना घाबरून ऑप्शनला टाकू नका, आणि प्रोग्रॅमिंग आजपासून शिका. पुढची चिठ्ठी द्या.