साडेतीन दिवसांचं विमान

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संरक्षण खातं ते कंपनी : एक कारकीर्द' असं छापलंय. मी स्वतःबद्दल बोलणार, असं कुणाला वाटलं असेल तर घाबरू नका. मी बोलणार आहे नॉर्मन ऑगस्टीन यांच्याबद्दल. आपल्या इथल्या, अमेरिकेतल्या बेथेस्डात मुख्यालय असलेल्या लॉकहीड मार्टिन या शस्त्रं आणि लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीचे ते सुरुवातीच्या वर्षांतले प्रमुख.

जन्म १९३५ चा, डेन्व्हरचा. प्रिन्स्टनला विमानांचं इंजिनिअरिंग, मग डग्लस कंपनीत नोकरी. १९६५ साली पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, १९७० ला पुन्हा कंपनी, १९७३ ला पुन्हा सरकार. १९७५ मध्ये ते लष्कराचे अंडर सेक्रेटरी झाले. आपल्या मंत्रालयातला अवर सचिव डोळ्यांपुढे आणू नका. इथे तो खात्यातला दोन नंबरचा माणूस. १९७७ मध्ये मार्टिन मारिएटा या संरक्षण कंपनीत गेले ते मात्र कायमचे.

अशा ये-जा करण्याला इथे 'रिव्हॉल्व्हिंग डोअर' म्हणतात, तेही नाक मुरडून. कालचा अंपायर आज पॅड बांधून उतरला तर प्रेक्षक कुजबुजणारच, आणि ती कुजबुज मला गैर वाटत नाही. फक्त या अंपायरने खेळाचा हिशोबही चारचौघांत मांडला होता.

त्याने लढाऊ विमानांच्या किमती आलेखावर मांडल्या. आडवी वर्षं, उभ्या बाजूला दसपटीची घरं, म्हणजे प्रत्येक घर आधीच्याच्या दहापट. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसले : दर दहा वर्षांनी किंमत चौपट. त्याच कागदावर संरक्षणाच्या बजेटची रेषा पुढे ओढली, तर दोन्ही रेषा २०५४ साली भेटतात. म्हणजे त्या वर्षी अख्ख्या बजेटात एकच विमान येणार! आठवड्यातले साडेतीन दिवस ते हवाई दलाकडे, साडेतीन दिवस नौदलाकडे, आणि लीप वर्षातला जादा दिवस मरीन्सना, म्हणजे सागरी सैनिकांच्या दलाला. साडेतीन म्हटलं की आपल्याला मुहूर्त आणि शक्तिपीठं आठवतात. मला आता हे विमानही आठवतं.

त्यांचा आणखी एक नियम आहे : कामगिरीतले शेवटचे १० टक्के मिळवायला एक तृतीयांश खर्च होतो आणि दोन तृतीयांश कटकटी होतात. आपल्या गणपतीच्या मखराची समिती आज इथे हजर आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आता जेवणाची गोष्ट. शीतयुद्ध संपलं होतं, बजेट आटत होतं. १९९३ साली संरक्षणमंत्री लेस अॅस्पिन यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना पेंटागॉनमध्ये जेवायला बोलावलं. जेवणानंतर उपमंत्री विल्यम पेरी यांनी तक्ता दाखवला : आज कुठल्या प्रकारच्या किती कंपन्या आहेत आणि पुढे सरकारला किती परवडतील. पाहुण्यांना अर्थ लगेच कळला. एकमेकांत मिसळा, नाहीतर दुकान बंद करा. या जेवणाला 'लास्ट सपर', म्हणजे येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं जेवण, हे नाव दिलं ऑगस्टीन यांनीच.

तक्ता दाखवणाऱ्यांच्या खुर्च्यांत ते स्वतः बसून आले होते, त्यामुळे ही नुसती धमकी नाही हे त्यांना इतरांपेक्षा लवकर कळलं असावं. जीई एरोस्पेस ही कंपनी त्यांनी मार्टिन मारिएटासाठी त्याच वर्षी घेतली होती. १९९४ मध्ये ग्रमन ही विमान कंपनी हातची गेली, ती प्रतिस्पर्धी नॉर्थ्रॉपने नेली. १९९५ मध्ये लॉकहीडशी विलीनीकरण होऊन लॉकहीड मार्टिन झाली, १९९६ मध्ये लोराल कंपनीचा संरक्षण व्यवसाय घेतला. विलीनीकरणाच्या खर्चाचा काही भाग पेंटागॉनने भरून दिला, तेव्हा काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, खासदार बर्नी सँडर्स यांनी चांगलाच आवाज उठवला. नोकऱ्या कंपनीने घालवायच्या आणि बिल करदात्याने भरायचं, हा त्यांचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही.

गंमत पुढेच आहे. नव्वदच्या दशकात ५१ असलेल्या मोठ्या कंत्राटदार कंपन्या पाचवर आल्या. १९९७ मध्ये ऑगस्टीन निवृत्त होऊन प्रिन्स्टनला शिकवायला गेले. आणि १९९८ मध्ये लॉकहीड मार्टिनला नॉर्थ्रॉप ग्रमनही घ्यायची होती, तेव्हा 'मिसळा' म्हणणाऱ्या सरकारनेच ती रोखली.

त्या वर्षांत जीईच्या लोकांचा बॅज १९९३ ला बदलला, १९९५ ला पुन्हा बदलला. टेबल तेच, ड्रॉवरची किल्ली तीच. असे तिन्ही बॅज जपून ठेवलेले एक काका आज पहिल्या रांगेत बसलेत. पुढचं मी सांगण्यापेक्षा जेवणाच्या रांगेत त्यांनाच गाठा.