हॉकिन्सनबाईंच्या बायका

मंडळी, जुन्या मासिकातलं व्यंगचित्र बघताना आपण खालची ओळ वाचतो, हसतो आणि पान उलटतो. माझी विनंती आहे, त्याच पानावरची जाहिरातही वाचा. १९३०च्या आसपासचं ‘न्यू यॉर्कर’ हे अमेरिकन साप्ताहिक चाळलंत तर काय दिसतं? इकडे टोपी निवडताना गोंधळलेली एक जाडगेली बाई, तिला हसायचं. आणि तिकडे न्यू यॉर्कमधल्या फिफ्थ अव्हेन्यू या रस्त्यावरच्या बड्या दुकानाची जाहिरात, ती बघून खरेदीला निघायचं! ज्यांची टिंगल चालली होती, वर्गणी त्यांचीच आणि जाहिराती त्यांना माल विकणाऱ्यांच्या.

संपादक हॅरॉल्ड रॉसने १९२५ साली हे साप्ताहिक काढताना ऐटीत जाहीर केलं होतं की ते डब्यूकच्या म्हातारीसाठी नाही. डब्यूक हे आयोवातलं लहान शहर. म्हणजे गावंढळांनी वाचू नये, असा सरळ अर्थ. आता गंमत बघा. पहिल्याच वर्षी रॉसला जी चित्रकार मिळाली ती इलिनॉयमधल्या मेंडोटा नावाच्या छोट्या गावची, शेतीची यंत्रं विकणाऱ्याची मुलगी. हेलन हॉकिन्सन, जन्म १८९३. आणि तिने रंगवल्या त्या बायका डब्यूकच्या म्हातारीच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा!

या बायका कशा? मध्यमवयीन, सुखवस्तू, अंगाने भरलेल्या, पावलं मात्र इवलीशी. डोक्यावर टोपी, हातात मोजे. महिला मंडळाची सभा, फुलांचं प्रदर्शन, वाचनालय आणि अर्थात कपड्यांची दुकानं, हा त्यांचा मुलूख. व्यासपीठावर उभ्या राहून जगाच्या प्रश्नांवर बोलायचं आणि आरशासमोर कमरेचा प्रश्न सुटत नाही म्हणून हळहळायचं. दोन्ही सारख्याच गांभीर्याने. मला ही समान गंभीरता फार आवडते. आपल्याकडच्या साडीखरेदीच्या विनोदात बहुतेक वेळा ताटकळलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांनी दुकान दिसतं. इथे दुकान बाईच्या डोळ्यांनी दिसतं.

ते का, याचं एक कारण हॉकिन्सनबाईंच्या आधीच्या उमेदवारीत आहे. शिकागो आणि न्यू यॉर्कच्या मोठ्या दुकानांसाठी त्यांनी फॅशनची चित्रं काढली होती. कापड अंगावर कसं पडतं आणि जाहिरातीतल्या सडपातळ बाईसाठी बेतलेला झगा प्रत्यक्षातल्या गिऱ्हाइकावर कसा बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चित्राखालच्या ओळी १९३१पासून मुख्यतः जेम्स रीड पार्कर हे लेखक पुरवत.

हॉकिन्सनबाईंच्या शेजारी त्याच साप्ताहिकाचा दुसरा व्यंगचित्रकार पीटर आर्नो ठेवून बघा. न्यायाधीशाचा मुलगा, येलमध्ये शिकलेला, नाइटक्लबांत वावरणारा. श्रीमंतांच्या घरातलाच, त्यामुळे रेषेला दयामाया नाही. १९३६ साली, निवडणुकीच्या वर्षी, त्याने काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे: उंची पोशाखातलं टोळकं मित्रांना हाक मारतंय, चला, ट्रान्स-लक्सला रूझवेल्टची हुर्यो उडवायला जाऊ! ट्रान्स-लक्स म्हणजे बातमीपट दाखवणारं थिएटर. श्रीमंतांवर कर वाढवणाऱ्या अध्यक्षाचा राग काढायचा, तोही तिकीट काढून. रेषेच्या जोरात आर्नो हॉकिन्सनपेक्षा कितीतरी वरचढ, हे मान्य. पण त्याचे श्रीमंत इतके राक्षसी की वाचणारा श्रीमंत म्हणणार, हा मी नव्हे, शेजारचा. हॉकिन्सनच्या चित्राला अशी पळवाट नाही. तिथे वाचक म्हणतो, अगदी आमची मावशी!

पुढेपुढे मात्र लोक या बायकांना कुत्सितपणे हसतात, असं हॉकिन्सनबाईंना वाटू लागलं आणि त्या जाहीर भाषणांतून त्यांची बाजू मांडू लागल्या. अशाच एका कार्यक्रमासाठी वॉशिंग्टनला जात असताना १ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांच्या विमानाला लढाऊ विमानाची धडक बसली. सगळे ५५ जण गेले. २४ वर्षांत १,८००च्या आसपास चित्रं काढून झाली होती.

त्यांचे संग्रह निघाले आहेत. जुन्या पुस्तकांत हाती लागले तर दुकानातली चित्रं आधी बघा, आणि त्यात गिऱ्हाईक बाईपेक्षा विक्रेतीचा चेहरा.