रॉडखाली एकटे

[दृश्य: सांगली, विश्रामबाग. पहाट. जिमचं शटर अर्धं वर.]

साडेपाच वाजलेत. ट्रेनर यायला अजून वेळ आहे आणि बेंचवर एकच मुलगा आहे.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात रौप्यपदक जिंकलं. त्याच दिवशी 139 किलोच्या प्रयत्नात त्याचा उजवा कोपर दुखावला. वेटलिफ्टिंगमध्ये निदान वजन सोडून देता येतं. लिफ्टर बाजूला होतो, रॉड फळीवर आदळतो. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बेंचवर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलताना, ती सोय नाही. वर रॉड, खाली बेंच, मधे छाती आणि गळा.

[दृश्य: रॅकच्या पिना, जवळून.]

पॉवर रॅक, म्हणजे भोकं असलेल्या खांबांची चौकट, असेल तर बेंच आत ओढा. सेफ्टी पिना, म्हणजे रॉड अडवणारे आडवे दांडे, अशा भोकांत घाला, की छाती फुगवून पाठीला कमान दिल्यावर रॉड छातीला टेकेल, पण कमान सोडली की पिनांवर बसेल. पिना गळ्यापेक्षा वर हव्यातच. रिकाम्या रॉडखाली झोपून हे आधी तपासा. वजन चढवल्यावर तपासायला उशीर झालेला असतो.

नुसता बेंच आणि दोन खांब असतील, तर एकट्यानं रॉडला लॉक, म्हणजे प्लेटा सरकू न देणारी क्लिप, लावू नका. अडकलात तर एक बाजू कलवून प्लेटा खाली सरकवता येतात. ती बाजू रिकामी होताच दुसरी झटक्यानं खाली जाते, म्हणून रॉड घट्ट धरा. आजूबाजूला कुणी असेल तर मात्र हे करू नका, आधी हाक मारा. वजन माफक असेल तर दुसरा मार्ग आहे: पोट आवळून रॉड छातीवरून मांड्यांकडे लोटत न्या आणि उठून बसा. गळ्याच्या दिशेनं कधीही नाही.

अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. तो बोटांच्या बाजूला ठेवला, की घामेजल्या तळव्यावरून रॉड घरंगळतो आणि थेट छातीवर येतो. रॉड ठेवायचे खांबांवरचे हुकही फार उंच नकोत. रॉड काढताना कोपर जरा वाकलेला असावा. सेट संपला की आधी हात सरळ करा, रॉड मागे नेऊन दोन्ही खांबांना भिडवा, मगच खाली उतरवा. दमलेल्या हातांनी थेट हुकावर नेम धरला, की एका बाजूचा हुक हमखास चुकतो.

आणि रेप, म्हणजे रॉडची एक खाली-वर फेरी, अडेपर्यंत जाऊच नका. रॉड वर जाताना स्पष्ट मंदावला, की तो सेट संपला. आजवरचं सर्वांत मोठं वजन सोबत कुणी असेल त्या दिवशीच उचलायचं. यात आमच्या मते तडजोड नाही. डंबेल प्रेस त्या मानानं सोपा, हात बाजूला उघडून डंबेल सोडता येतात.

[दृश्य: स्क्वॉट.]

स्क्वॉट म्हणजे रॉड खांद्यांवर घेऊन मारलेली बैठक. त्याच्या पिना तुमच्या सर्वांत खालच्या बैठकीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली हव्यात. अडलात तर पुढे वाकू नका, सरळ खाली बसा. रॉड पिनांवर टेकतो. पिना नसतील तर एकट्यानं जड स्क्वॉट टाळा.

[दृश्य: प्लेटा काढणारे हात.]

प्लेटा उतरवतानाही अपघात होतात. एका बाजूच्या सगळ्या काढल्या, की दुसऱ्या बाजूच्या वजनानं रॉड स्टँडवरून उलटतो. खांब जितके जवळजवळ, तितका लवकर. म्हणून एक प्लेट इकडची काढा, मग एक तिकडची.