तापातले ते तीन दिवस

दसऱ्याचा आठवडा, नागपुरात ऑक्टोबर हीटमुळं कूलर अजून चालूच, आणि खालच्या टाकीत पाणी साचलेलं. डेंग्यूचा एडिस डास अशाच पाण्यात वाढतो. हे नागपुरातल्या महाल भागातलं आमच्या मामांचं घर.

मामांना 18 वर्षांपासून शुगर. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, किडनी थकली की वाढतो) 2.1, लघवीतून प्रोटीन जात होतं, पण दुखत काहीच नव्हतं म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. एका किडनीत जवळपास 10 लाख बारीक गाळण्या असतात, वाढलेली शुगर वर्षानुवर्षं त्या खराब करते आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो. रोजचं निभते हो, पण अंगात ताप आला की निभत नाही.

व्हायरल तापात शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनलिन ही ताणाची हार्मोन्स सोडतं, त्यानं शुगर चढते, लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होते, वरून घाम, उलट्या, आणि डेंग्यूत तर रक्तातलं पाणी नसांतून बाहेर झिरपते. किडनीला रक्तच कमी पोचते. चांगली किडनी सावरून घेते, मामांची कशी सावरणार?

ताप आला, अंग ठणकत होतं म्हणून मामांनी डब्यातली डायक्लोफेनॅकची गोळी घेतली, दोन दिवस. इथं नीट ऐका. ही गोळी किडनीत रक्त आणणारी नस आवळते. मामांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी नस सैल करते. दोन्ही मिळून गाळणीतला दाबच कमी होतो. डेंग्यूत तर या पेनकिलरनं रक्तस्रावाचीही भीती असते.

मामी दिवसभर नारळपाणी अन् आंबिया बहाराच्या नव्या संत्र्याचा ज्यूस देत होत्या. "अवो, संत्र्यानं काय होते जी, आपल्या इकडचं फळ हाये!" प्रेमानंच देत होत्या, पण दोन्हीत पोटॅशियम भरपूर, थकलेल्या किडनीला ते बाहेर काढता येत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

जेवण बंद, तरी इन्सुलिन रोजचंच घेतलं. खराब किडनीमुळं इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहते, पहाटे शुगर 52, मामा घामानं ओले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तर क्रिएटिनिन 4.6, पोटॅशियम 6.2. दोनदा डायलिसिस लागलं. नंतर क्रिएटिनिन 2.8 वर थांबलं, 2.1 वर परत आलंच नाही.

आता फ्रिजवर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद चिकटवलाय, उलट्या होऊन राहिल्या, जेवण जात नसलं तर बीपीची कोणती गोळी थांबवायची, इन्सुलिन किती कमी करायचं, पाणी किती प्यायचं, तापाला पॅरासिटामॉल किती, आणि पहिल्याच दिवशी कोणाला फोन करायचा. फ्लूची लस दरवर्षी.

मामी दर रविवारी कूलरची टाकी रिकामी करतात, मग ब्रशनं कडा घासतात, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात.