मागचा डिस्क ब्रेक: दोष दाबाचा की घर्षणाचा?

मित्रहो, माउंटन बाइकचा मागचा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, ब्रेक नीट लागेनासा झाला की बहुतेकांचा हात आधी ब्लीडिंगच्या (नळीतली हवा काढून तेल भरण्याच्या) किटकडे जातो. ते किट तूर्त बाजूलाच राहू द्यावे आणि आधी एकाच प्रश्नाचा निकाल लावावा, असे माझे सांगणे आहे. लिव्हरवर आपण दिलेला दाब कॅलिपरपर्यंत (चाकाजवळच्या, पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागापर्यंत) पोहोचतच नाही, की तो पोहोचूनही पॅड आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती) यांच्यात पुरेसे घर्षण होत नाही? गाडी थांबत नाही, हे दोन्ही दोषांचे दिसणारे लक्षण एकच असले तरी बोटांना ते वेगवेगळे जाणवतात. लिव्हर थोडी दाबताच कडक होते आणि तरीही चाक फिरत राहते, तेव्हा दोष घर्षणात असतो. ती मऊ लागते किंवा थेट हँडलबारला टेकते, तेव्हा दाबाची बाजू तपासायची.

पुढच्या ब्रेकशी तुलना करून मात्र निष्कर्ष काढू नये. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर जातो, मागचे चाक हलके होते आणि त्यामुळे मागचा ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याची थांबवण्याची ताकद कमीच राहते. सपाट, कोरड्या जमिनीवर सीटवर बसून लिव्हर पूर्ण दाबल्यावरही मागचे चाक जाम होत नसेल, तर मात्र बिघाड आहे असे खुशाल समजावे.

आता दाबाची बाजू पाहू. मागची नळी हँडलबारपासून फ्रेमच्या आतून किंवा कडेने मागच्या कॅलिपरपर्यंत जाते, म्हणून ती पुढच्या नळीपेक्षा बरीच लांब असते आणि तिच्यात हवा अडकून राहायला जागाही अधिक मिळते. तेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. त्यामुळे बोटांचा जोर चाकापर्यंत न पोहोचता बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो. लिव्हर चार-पाच वेळा भराभर दाबून पाहावी. ती कडक झाली आणि जरा थांबल्यावर पुन्हा मऊ पडली, तर आत हवा आहे. पंक्चर काढण्यासाठी सायकल उलटी ठेवली आणि त्यानंतर ब्रेक बिघडला, असे झाले असेल तर रिझर्व्हॉयरमधली (लिव्हरजवळच्या तेलाच्या छोट्या टाकीतली) हवा नळीत उतरलेली असते. सायकल सरळ उभी करून लिव्हर हलक्या हाताने अनेकदा दाबली की बहुधा ती हवा परत वर जाते. अर्थात रिझर्व्हॉयरमध्ये हवा होती याचाच अर्थ ब्लीडिंग फार लांबवता येणार नाही. लिव्हर एकसारख्या जोराने धरून ठेवल्यावर हळूहळू खाली सरकत जाते, तो प्रकार वेगळा: तिथे तेल कुठून तरी निसटते आहे. नळीचे जोड आणि कॅलिपर कोरडे असतील, तर मास्टर सिलिंडरमधल्या (लिव्हरजवळच्या, तेलावर दाब देणाऱ्या भागातल्या) सीलवर संशय घ्यावा, कारण ती गळती बाहेरून दिसत नाही.

तेल भरण्याची वेळ आलीच, तर लिव्हरवर किंवा झाकणावर काय छापले आहे ते आधी वाचावे. शिमानो आणि मागुरा यांच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागते, होपच्या ब्रेकना डॉट फ्लुइड, म्हणजे वेगळ्या प्रकारचे ब्रेक-तेल. स्रॅमचे ब्रेक वर्षानुवर्षे डॉटवर चालत आले, पण त्यांचे मॅव्हन हे मॉडेल मिनरल ऑइलवर चालते. तेव्हा कंपनीच्या नावावरून अंदाज बांधणे धोक्याचे. चुकीच्या तेलाने सील खराब होतात आणि मग सगळा ब्रेकच उघडावा लागतो.

घर्षणाच्या बाजूला सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे साखळीवर मारलेला स्प्रे. त्याचे बारीक तुषार स्पोकमधून पलीकडे जाऊन डिस्कवर बसतात, पॅड ते शोषून घेतात आणि ब्रेक किंचाळू लागतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. पॅडमध्ये मुरलेले तेल काढण्याचे घरगुती उपाय बरेच सांगितले जातात, पण मला त्यांपैकी एकाचाही भरवसा वाटत नाही. पॅड बदलावेत. शिमानोच्या हिशेबाने पॅडचा थर 0.5 मिमी उरला की पॅड संपले, आणि नवी असताना 1.8 मिमी जाड असलेली डिस्क 1.5 मिमीवर आली की तीही बदलायची.

त्यानंतर कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरावा आणि फटीतून पाहत लिव्हर सावकाश दाबावी. दोन्ही पॅड एकाच वेळी डिस्कला टेकले पाहिजेत. एक पॅड आधी पोहोचून डिस्कला दुसऱ्या बाजूला ढकलत असेल, तर समोरचा पिस्टन (तेलाच्या दाबाने पॅडला पुढे ढकलणारा दट्ट्या) अडकला आहे. चाक आणि पॅड काढून, चालणारा पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) अडवून, अडकलेला पिस्टन किंचित बाहेर आणावा, त्याची कड पुसावी, त्याच ब्रेकच्या तेलाचा एक थेंब लावावा आणि तो आत सरकवावा. असे दोन-तीनदा केले की तो बहुधा सुटतो. लिव्हर जास्त दाबली तर पिस्टन बाहेरच पडेल, एवढे सांभाळावे.

ब्रेक घासत असेल, तर चाक फिरवून आवाज ऐकावा. प्रत्येक फेरीत एकदाच आवाज आला तर डिस्क वाकडी आहे. सलग आला तर आधी मागचा एक्सल नीट बसला आहे का ते पाहावे आणि मगच कॅलिपरचे बोल्ट सैल करून तो मध्यावर आणावा.

नवे पॅड, पुसलेली डिस्क, वीस-तीस वेळा वेग घेऊन ब्रेकने तो हळूहळू कमी करत नवे पॅड डिस्कवर घासून बसवणे, एवढे सगळे करूनही थोड्याच दिवसांत ब्रेक पुन्हा किंचाळू लागला, तर तेल बाहेरून येत नाही, कॅलिपरमधूनच झिरपते आहे. पिस्टनच्या कडा कोरड्या पुसून, चाक आणि पॅड पुन्हा जागेवर बसवून लिव्हर रबरी पट्टीने रात्रभर हँडलबारला बांधून ठेवावी आणि सकाळी टिश्यूच्या टोकाने पिस्टनच्या कडा तपासाव्यात. टिश्यू ओला झाला तर पिस्टनचे सील गेले. काही कंपन्या ते सुटे विकत नाहीत, तेव्हा तिथे कॅलिपरच नवा घ्यावा लागतो, आणि त्याच्याबरोबर पॅडही.