अर्ध्या भ्रूणाची साक्ष

पडद्यावर दिसणारा, वरून गडद तपकिरी आणि खालून पिवळट असा हा गोल ठिपका म्हणजे झेनोपस लेव्हिस या आफ्रिकेतील नखधारी बेडकाचे अंडे आहे. त्याचा व्यास जेमतेम सव्वा मिलिमीटर भरतो. फलनानंतर दोन-तीन दिवसांतच त्यातून गोड्या पाण्यात राहणारे शेपटीवाले पिल्लू तयार होते. त्याच्या शरीरात बाहेरचे पाणी सतत शिरत असल्यामुळे ते उपसून टाकणारे मूत्रपिंडही तेवढ्याच लवकर लागते. ते बनले नाही, तर पिल्लू सुजते आणि मरते.

माणसाच्या एका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून मूत्र बनवणारी सूक्ष्म एकके, असतात. या पिल्लाला प्रत्येक बाजूस केवळ 1 मोठा नेफ्रॉन पुरतो. तरीही रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ, उपयोगी द्रव्ये परत शोषून घेणारी वळणदार नलिका आणि उरलेले द्रव बाहेर नेणारी वाहिनी, हे सारे त्यात आहे.

भ्रूणाच्या मध्यस्तरातील, म्हणजे पेशींच्या तीन थरांपैकी मधल्या थरातील, एका लहानशा पट्ट्यात रेटिनॉइक आम्लाच्या (अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या द्रव्याच्या) संकेताने पॅक्स8 आणि एलएचएक्स1 ही दोन जनुके कार्यरत होतात. दोन्हींची प्रथिने इतर जनुकांना चालू किंवा बंद करतात. मूत्रपिंडाचा आकार दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, ही दोन्ही प्रथिने ज्या पेशींत एकत्र आढळतात, त्याच पेशींचे पुढे मूत्रपिंड होते.

हे केवळ साहचर्य आहे की कारण, हे तपासण्याची सोय बेडकाच्या भ्रूणातच आहे. अंड्याचे पहिले विभाजन सहसा शरीराची डावी आणि उजवी बाजू वेगळी करते. त्यामुळे दोनपैकी एकाच पेशीत जनुकाचा आरएनए (ज्यावरून पेशी त्याचे प्रथिन बनवते ती प्रत) टोचला, तर बदल अर्ध्या शरीरात घडतो आणि दुसरे अर्धे शरीर तुलनेसाठी जसेच्या तसे राहते. इतकी निखळ तुलना जीवशास्त्रात फार क्वचित मिळते.

थॉमस कॅरोल आणि पीटर व्हाइझ या संशोधकांनी 1999 साली हाच मार्ग वापरला. एकेकट्या जनुकाचा परिणाम माफक होता. दोन्ही एकत्र टोचल्यावर मात्र मूत्रपिंडाची रचना नेहमीच्या पाचपटीपर्यंत वाढली आणि नलिका भलत्याच जागीही उगवल्या. याउलट, पॅक्स8 दाबून टाकले, तर नलिका तयार होत नाही.

वाढीइतकेच महत्त्व आवर घालण्यालाही आहे. डब्ल्यूटी1 हे जनुक रक्त गाळणाऱ्या गुच्छाच्या जागी कार्यरत असते. ते वेळेआधी आणि सर्वत्र कार्यरत केले, तर नलिकेची वाढ खुंटते. गुच्छ कुठे संपतो आणि नलिका कुठे सुरू होते, ही सीमा अशा परस्परविरोधातून आखली जाते.

पिल्लाचे रूपांतर होताना हे मूत्रपिंड झिजून जाते आणि प्रौढ बेडकाचे काम नंतर बनलेले दुसरे मूत्रपिंड सांभाळते. उंदरातही मात्र तीच जनुके पुन्हा भेटतात: तिथे एकट्या पॅक्स8 च्या अभावाने मूत्रपिंड बनणे थांबत नाही, पण पॅक्स8 आणि त्याच्याच कुळातील पॅक्स2 ही दोन्ही जनुके नसतील, तर मूत्रपिंडाची सुरुवातच होत नाही.